दोन किलोचं वय

चि. धाकटीस,

तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे मी. लहानपणी तुझी वेणी घालायचे ना, तीच. मागच्या महिन्यात तुझ्या घरी येऊन, परदेशी चालले म्हणून सांगून, दोन कप चहा पिऊन गेले तीही मीच. मी जिना उतरते न उतरते तोच तू खिडकीतून ओरडून विचारलंस, अगं, आली कशाला होतीस? म्हणून ओळख करून दिली. चष्मा सापडला असेल तर हे स्वतः वाच. नसेल तर (आधी कपाळावर चाचपून बघ) सूनबाईला वाचायला सांग. तुझे गुडघे, सूनबाईची अर्धशिशी, नातवंडांचा खोकला, सगळं आटोक्यात असेल असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम. उजवा खांदा तेवढा शेजारणीकडून उसना आणल्यासारखा वागतो.

अक्षर बघून दचकू नकोस. मला इथे येऊन अक्षर फुटलेलं नाही. मी सांगते आणि मास्तरीणबाई लिहितात. या माझ्या खोलीतल्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता बहात्तराव्या वर्षी शंभर मीटर धावतात. जसं बोलेन तसं लिहायचं असं ठरलं आहे, पण मध्येच पेन थांबवून माझ्याकडे अशा बघतात की जणू मी गृहपाठ केलेला नाही. (हेही लिहा, बाई. लिहिलंत? शाबास.) पत्र झालं की आमचा मॅनेजर त्याचे फोटो काढून सूनबाईच्या फोनवर पाठवणार. हा मॅनेजर म्हणजे ज्येष्ठांच्या स्पर्धेला आलेल्या आम्हा चौदा म्हाताऱ्यांना हाकायला नेमलेला माणूस. एरवी बँकेत असतो. आम्ही परत जाईपर्यंत त्याला बँकेची फार आठवण येणार आहे.

तर निघाल्यापासून सांगते. मॅनेजरने बजावलं होतं, अत्यंत गरजेची वस्तू हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग हरवू शकते. आता गोळाफेकीला निघालेल्या बाईची अत्यंत गरजेची वस्तू कोणती? मी आपला गोळा जुन्या टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत घातला. दोन किलो लोखंड, काळं कुळकुळीत, गेली तीन वर्षं रोज तेल लावून पुसलेलं. पिशवी त्या तपासणीच्या यंत्रात गेली आणि यंत्र थांबलं. मग माणसं जमली. मास्तरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी इंग्रजीतून असं काही व्याकरणशुद्ध समजावलं की जमलेल्यांनी आणखी दोघांना बोलावून घेतलं. शेवटी मी म्हटलं, बाजूला व्हा. गोळा उचलला, हनुवटीखाली लावला, गुडघा वाकवला आणि अर्धी गिरकी घेतली. फेकला नाही गं, नुसतं दाखवलं. पण चार शिपाई एका दमात भिंतीला चिकटले. मला माझ्या फेकीचा इतका अभिमान आजवर वाटला नव्हता.

पुढे गोळा खोक्यात घालून सामानात गेला. इथे उतरलो तर त्या फिरत्या पट्ट्यावर सगळ्यात आधी माझा गोळा आला, एकटा, गडगडत, खोकं कुठे तरी सोडून. लोक पाय मागे घेऊन उभे. माझी कपड्यांची बॅग मात्र आलीच नाही. ती तिसऱ्याच देशात गेली आहे म्हणतात. मी न बघितलेला देश माझी पातळं बघून येताहेत. तोवर मी मॅनेजरची जादाची ट्रॅकपँट घालते. तो सहा फूट, मी तुला माहीत आहे. उद्घाटनाच्या संचलनात सगळ्यांनी हात हलवायचा होता. मी प्रेक्षकांना बघून उजवा हात हलवला आणि डाव्या हाताने ट्रॅकपँटची कंबर धरून ठेवली. फोटोत मी कमरेवर हात ठेवून मोठ्या ऐटीत चालले आहे असं दिसतं. तो फोटो चौकट करून लाव, पण हे कुणाला सांगू नकोस.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं नीट ऐक. (सूनबाई, तू जरा सावकाश वाच.)

काल गोळे तपासायच्या टेबलावर गेले. आपला स्वतःचा गोळा आणला तर तो तिथे तोलून घ्यावा लागतो. मी ऐटीत माझा दोन किलोचा ठेवला. टेबलामागच्या बाईंनी गोळा बघितला, माझ्या गळ्यातलं, इथे पासपोर्टावरून करून दिलेलं कार्ड बघितलं आणि नकाराची मान हलवली. त्यांचं म्हणणं, पंचाहत्तरच्या पुढे दोन किलो, त्याच्या आत तीन किलो. मी म्हटलं, मग बरोबर आहे, मी पंचाहत्तरची. त्या म्हणाल्या, पासपोर्टात एकाहत्तर आहे. मॅनेजरने आमच्या अर्जात मी सांगितलं तसं पंचाहत्तर लिहिलं होतं आणि पासपोर्ट काही उघडून बघितला नव्हता. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मला एकदम आपल्या कारखान्याचं फाटक आठवलं.

तुला आठवत नसेलच, म्हणून सांगते. बेचाळीस वर्षांपूर्वी सुताच्या कारखान्यात बायकांची भरती चालली होती. अट अशी की तिशीच्या आतली हवी. मी तेहतीसची. फाटकावरच्या कारकुनाने मला खालपासून वर बघितलं, गठ्ठा उचलून दाखव म्हणाला, मी दोन उचलले. त्याने खुशीने माझ्या कार्डावर एकोणतीस लिहिलं. त्या कार्डावर एकोणतीस वर्षं नोकरी झाली, त्याच कार्डावर पासपोर्ट निघाला. एका सकाळीत चार वर्षं कमी झाली आणि मी परवापर्यंत त्या कारकुनाला दुवा देत होते. काल पहिल्यांदा शिव्या दिल्या.

एका किलोत एवढं काय, म्हणशील. अगं, तीन वर्षं हाताला दोनाची सवय आहे. तीन किलोचा गोळा घेतला की खांदा विचारतो, हे काय आणलंस? पंचाहत्तरच्या गटात मला पदक मिळेल असं मास्तरीणबाईंनी हिशेब मांडून दाखवलं आहे. एकाहत्तरच्या गटातल्या पोरी पाहिल्यास तर तुला धडकी भरेल. एक उंच आजी तर सरावाला गोळे असे फेकते, जसं कुणी घर आवरायला काढलं आहे. मला एक पदक हवं आहे, धाकटे. एवढी वर्षं गठ्ठे उचलले, त्याचं कुणी अंतर मोजलं नाही. एकदा कुणी तरी टेप लावून मोजावं आणि गळ्यात काही तरी घालावं, एवढंच आहे.

आणि कागदावर लहान झाल्याचा पहिला त्रास तर खोलीतच झाला. इथे एकावर एक पलंग आहेत. वयाने लहान असेल तिने वर, असा मास्तरीणबाईंचा नियम. परवापर्यंत त्या वर होत्या. काल पासपोर्ट बघितला आणि उशी उचलून खाली आल्या. आता पंचाहत्तर वर्षांची मी शिडी चढून छताला नाक लावून झोपते आणि बहात्तर वर्षांच्या बाई खालून सांगतात, पाय जपून हं, तुमचं वय लहान आहे. (लिहिताना हसू नका, अक्षर हलतंय.)

बाकी सगळं मजेत आहे. माझी मुळीच काळजी करू नकोस. कुणाकडे काही मागायला मी पत्र लिहिलेलं नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं. घरातल्या लहानांना पापे, मोठ्यांना जे शोभेल ते.

तुझी,
थोरली (कागदावर काहीही असो)

ता. क. आता मागते. मॅनेजर सांगतो की उद्या संध्याकाळपर्यंत जवळच्या नातेवाइकाचं, वकिलाच्या शिक्क्याचं प्रतिज्ञापत्र आलं तर इथली कमिटी विचार करेल. आपल्या पिढीतलं आता कोण उरलं आहे? तू. माझा जन्म कधीचा हे सांगू शकेल अशी जिवंत वस्तू तू एकटीच. लिहायचं एवढंच, की मी अमुक बाई, वय वर्षं त्र्याहत्तर, ही माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

हो, त्र्याहत्तर. (सूनबाई, हे तू मनात वाच. वाचलंस? मग आता जाऊ दे, मोठ्यानेच वाच.) धाकटे, मी कार्डावर चार वर्षं कमी झाले तेव्हा तू एका दिवसात माझी मोठी बहीण झालीस. ते तुला सोसलं नाही. तू रागारागाने आपली सात वर्षं उडवलीस, आणि सूनबाई घरात आली तेव्हापासून त्याच हिशेबाने चालली आहेस. आता सहासष्टची म्हणून भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढतेस, नातवंडांना शाळेत पोचवतेस आणि दुपारी दार लावून गुडघे चोळतेस. मला माहीत आहे, मी आवाज ऐकला आहे. खरं सांगितलंस तर माझा एक किलो कमी होईल आणि तुझ्या पिशव्या. दोघींचा फायदा. सूनबाई चांगली आहे, पिशवी हातातून घेईल. फार तर आठ दिवस हसेल.

ता. क. दुसरा. वरची पानं मॅनेजरने दुपारी पाठवून टाकली. त्यानंतर घोळ झाला. पुढचे दोन दिवस पाऊस आहे म्हणून आमची स्पर्धा आज चार वाजताच घेतली. कागद नाही, बहीण नाही, तीन किलोचा गोळा हातात आणि कमरेला मॅनेजरची नाडी.

पहिली फेक चांगली गेली, पण बाद. तुला तर माहीत आहे, घरी मी मोकळ्या मैदानात एकटीच सराव करते, फेकला की आपणच जाऊन आणायचा. इथे मी फेकला आणि सवयीने पुढून निघाले आणायला. नियम असा की वर्तुळातून मागच्या बाजूने बाहेर यायचं. लाल झेंडा. दुसऱ्या वेळी आठवण ठेवली होती, पण गोळा पडलेला दिसला आणि पाय आपोआप निघाले. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी मास्तरीणबाई प्रेक्षकांतून वर्गातल्या आवाजात ओरडल्या, "बाई, मागे!" सगळ्या देशांच्या बायका एक पाऊल मागे सरल्या. मी तर जागच्या जागी खांबासारखी उभी राहिले. शेवटी पंचांनी दंडाला धरून मागून बाहेर काढलं. पांढरा झेंडा! टेप लावून मोजलं. सात मीटर अठरा. नऊ जणींत पाचवी. पदक नाही.

पण पाचवी म्हणजे काय, हे नीट समजून घे. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने एकाहत्तरच्या आतबाहेरच्या चार पोरींना मागे टाकलं. त्या उंच आजीने येऊन माझा हात हातात घेतला, दंड दाबून बघितला आणि बोटांनी विचारलं, वय? मी सातावर एक दाखवलं. मग राहवेना, सातावर पाच दाखवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. पदक घातलं तरी एवढं बरं वाटलं नसतं. (थोडं जास्त वाटलं असतं. बाई, हे खोडू नका.)

तर आता मॅनेजर म्हणतो, पुढच्या वेळीही एकाहत्तरच्याच गटात उतरा, आजी, उगाच कागद कशाला. मलाही पटलं. तेव्हा प्रतिज्ञापत्राची गरज नाही. वकिलाकडे जाऊ नकोस. तू खुशाल सहासष्टची राहा. सूनबाईने दुपारी काय वाचलं ते तुम्ही दोघी बघून घ्या. मी तिथे नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

ता. क. शेवटचा. आमच्या चौदातले पोहणारे काका मागे राहिलेत, ते परवा तिकडून निघतात. त्यांच्या एका बॅगेत तिघांचं सामान मावतं, त्यांच्याकडे दे. मला भाजलेले शेंगदाणे पाठव, भरपूर, खांद्याला ताकद हवी. पण अख्खे नकोत, बारीक कुटून पाठव. पासपोर्ट काहीही म्हणो, दात पंचाहत्तरचेच आहेत.