हृदयाचा डावा कप्पा आणि दुधाचं पातेलं

आदरणीय विहीणबाईंना,

तुमच्या विहिणीचा वाकून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मानेनं वाकले असं समजा). तुमचा खांदा कसा आहे? माझी कंबर तशीच आहे. दोघी मिळून एक धड बाई होईल. पत्र तुमचीच लेक लिहून देतेय. मला अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक ओळ तिच्याकडून परत वाचून घेते. वाचताना अडखळली की समजते, काहीतरी गाळलंय.

तर तुमच्या लेकीचं कॉलेज. नोकरी, दोन पोरं, शिवाय माझा मुलगा (तो धरला तर तीन), यातून पुस्तक उघडायला सवड कुठली? मग तिनं युक्ती काढली. स्वयंपाक करता करता धडा मोठ्यानं वाचायचा, फोनमध्ये भरून ठेवायचा आणि कपडे वाळत घालताना, बसमध्ये, धाकट्याला झोपवताना कानात लावून ऐकायचा. युक्ती नामी, पण फोन बिचारा इमानदार, सगळंच भरून घेतो. त्यामुळे आमच्या घरचा हृदयाचा धडा असा आहे: रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जातं, तिथं शुद्ध होतं, अहो दूध उतू जातंय, गॅस बंद करा, आणि मग डाव्या कप्प्यात येतं. (दूध उतू गेलंच. माझा मुलगा पातेल्याशेजारी उभा राहून ते कसं वर येतं ते बघत होता.) हाडांच्या धड्यात थोरलीनं धाकट्याला चावल्याचा निवाडाही आहे. आता सगळ्या घराला हे पाठ झालंय. धाकटा तर ‘फुप्फुस’ ऐकलं की धावत शेगडी बघायला जातो.

सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा होती. परीक्षक करड्या मिशांचे, करारी गृहस्थ. त्यांनी नेमकं हृदयच विचारलं. तुमच्या लेकीनं डोळे मिटले आणि घडाघडा सुरू केलं. रक्त फुप्फुसापर्यंत बिनचूक पोचलं, आणि मग तिनं त्या सरांना खणखणीत आवाजात फर्मावलं, अहो दूध उतू जातंय, गॅस बंद करा! विहीणबाई, ते सर उठले हो! तेही कुणाचे तरी नवरेच. प्रयोगशाळेतली शेगडी बघून आले, बंदच आहे म्हणाले, आणि मग दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. (इथं पेन थांबलंय. लिही गं, तुझ्या आईलाच तर सांगतेय.)

बाहेर रांगेतली पोरंपोरी पोट धरून हसली. तेव्हापासून हिनं पुस्तकं माळ्यावर टाकलीत. लेखी परीक्षा पुढच्या आठवड्यात, आणि ही म्हणते बसणारच नाही, हे घरसंसारवाल्या बाईचं कामच नव्हे. माझं म्हणणं एवढंच, ते रक्त शेवटी डाव्या कप्प्यात आलं की नाही? आलं! सर खुर्चीत परत बसले आणि हिनं उरलेला धडा एक शब्द न चुकता पुरा केला. दूध उतू गेलं म्हणून कुणाचं हृदय बंद पडत नाही. मला विचाराल तर (कुणी विचारत नाही), जिनं भांड्यांच्या खणखणाटात आणि पोरांच्या रडारडीत एवढं पाठ केलं, तिला शांत खोलीत तीन तास बसून लिहायला मिळणं म्हणजे माहेरपणच की.

तेव्हा परीक्षेपुरतं तुम्ही इथं यावं. थोरली माझ्या धाकात आहे, पण धाकटा एकदा सुटला की माझ्या हाती लागत नाही.

बाकी सगळं ठीक. पत्रात काही जास्त वाटलं तर राग माझ्यावर धरावा, लिहिणारीवर नाही.

तुमची विहीण

ता. क. तुमची लेक म्हणतेय, आईला कशाला एवढ्या लांबून त्रास? तेही लिही म्हटलं.

आणखी एक ता. क. उत्तराची घाई नको. काल फोनवर तुम्ही रविवारी येते म्हणालातच, पिशवीही भरून ठेवलीत. हे पत्र पोस्टात टाकायचंच नाहीये. पण तुमची लेक माझं बोलणं उभ्या उभ्या ऐकते आणि अर्ध्यातच गॅसकडे पळते. लिहायला बसवली तेव्हा कुठे सगळं ऐकलंन, वर ओळ न् ओळ परत वाचलीन.

सूनबाई, आता ऊठ. माळ्याला शिडी लावायला नवऱ्याला सांगून ठेवलंय तुझ्या. (तो शिडीशेजारी उभा राहून ती कशी उभी आहे ते बघतोय.)