शेठच्या विमानातली मागची सीट

९ फेब्रु. ९६, शुक्र.
सकाळी विमान धुतलं. शेठ लातूरला, नव्या डाळ मिलवर. मागची सीट रिकामी. कॅप्टनसाहेब म्हणाले, बस चल. तेवढ्यात मिलच्या यंत्राची विजेची मोटर आली. वजनासाठी अफझलगंजच्या गोदामातला पोत्यांचा काटा इथं विमानापाशीच आणून ठेवलाय. काट्यावर आधी मोटर चढली, मग मी. दोघांचं मिळून वजन जास्त. मोटर गेली.
यादगिरी मेकॅनिक हसतोय, "मोटर कू बोलना था, तेरे बावा कू सलाम बोल." हौ म्हटलं. तिकडं लातूरला विमानाच्या पट्टीवर बाबाच वॉचमन. मोटर त्यांनीच उतरवली असंल.

१४ फेब्रु.
खोलीवर, तारनाका. भिंतीवरच्या रेल्वेच्या नकाशावर सुतळी लावली. हैद्राबाद–लातूर बोटभर पण नाही. कॅ. सा. म्हणाले, अडीचशे कि.मी.च्या आतच, वारा समोरून नसला तर तासभर. बसनं अख्खा दिवस जातो, वर गुडघे दुखतात ते वेगळं.
दसऱ्यापासून घरी नाही. सुट्टी मागितली की शेठ म्हणतात, दुसरा ठेवतो. आजवर चार कामं मीच सोडली. हे सुटू नये वाटतं. आईला बघावं पण वाटतं.

१ मार्च, शुक्र.
गेलो!! शेठबरोबर जाणारा मॅनेजर आजारी, सामान काही नाही.
खाली शेतं, तळं, मुंगीएवढी बैलगाडी. नीट बघंस्तवर पट्टी आलीच. बाबा टोपी हातात घेऊन शेळ्या हाकलत पळत होते. शिडी धरायला मी आधी उतरलो तर बाबांनी खाडकन सलाम ठोकला. मला! मग तोंड बघितलं. हात तसाच कपाळाला.
"आरं, तू व्हय? जेवलास का?"
शेठ पण हसले. मिलवर गेले, तासात परत निघायचं. घरी सायकलीवर जाऊन यायलाच त्याहून जास्त. म्हणजे लातूरला पोचलो, घरी नाही. पंखाच्या सावलीत बाबांच्या डब्यातली भाकरी दोघांनी खाल्ली. आईसाठी घेतलेल्या बांगड्या त्यांच्याकडं दिल्या.
"पुढच्या बारीला तिलाच हितं आणून बसवतो," म्हणाले. "पन तू ये बाबा. न्हाईतर मला घरात घ्यायची न्हाई ती."

६ मार्च
मिलचा फोन. शेठचं बोलणं झाल्यावर तिकडच्या मुनीमजींनी मला घरचा निरोप दिला. शुक्रवारी आई पट्टीवर येणार, धपाटे घेऊन. विचारतेय, वरून आपलं घर दिसलं का. दिसलं नाही. दिसलं म्हणून सांगा म्हटलं.

७ मार्च, गुरु.
मॅनेजर बरा झाला. उद्या येईन म्हणतो, नाही पण म्हणतो. शिवाय मिलची चाळणी जायची आहे. उचलून बघितली, तशी हलकी आहे. कॅ. सा. म्हणाले, सकाळी काट्यावर बघू.
यादगिरीनं डबा पुढं केला. "खा रे."
"नक्को आज."
"क्यूं? रोजे तो कब के खतम हुए."
"कल काटे पे चढना है."
हसून हसून खालीच बसला. मग म्हणाला, "चप्पल भी निकाल के चढ."
चप्पल खोलीवरच ठेवून जाणार. आईनं तिकडं धपाट्यांचं पीठ दळून आणलं असंल. मी पाणी तेवढं पिलो.