गच्चीवरची इंडिका

२ जुलै
आजपासून डायरी. आणि शुद्ध मराठीत. आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जे लिहिलं, ते लिहिणं नव्हतं.
सुगतचा पुण्याहून फोन. गुडघा बदलायचा म्हणे, अकोल्याच्या डॉक्टरशी बोलणं झालं, दिवाळीनंतरची तारीख. मला न विचारता! पोटचा पोरगा! सांगितलं, मी भीत नाही, पण ऑपरेशन मला तत्त्वतः मान्य नाही. ज्योत्स्ना म्हणे, तुमचं तत्त्व तिसऱ्या पायरीवर खाली बसते. बायको आहे की विरोधी पक्ष?

५ जुलै
धर्मेंद्र आला. पार्सल ऑफिसातला जुना दोस्त, हिमाचल फिरून आला. हळूच बियांची एक पुडी दिली. म्हणे, इंडिका हाय, अस्सल हिंदुकुशची. गुडघ्याले रामबाण. कोनाले सांगू नोको. जगात विश्वासाचा हा एकच माणूस उरला.
नेटवर वाचलं. गांजाची ही जात हिंदुकुश पर्वताकडची. बुटकी, रुंद पानाची. जुन्या ग्रंथांत गांजाला विजया म्हणतात. दुखणं, झोप, भूक, तिन्हींवर गुणकारी. लावणं मात्र गुन्हा. पण मी लावणार नाही. माझ्या हातून बी कुंड्यांत पडेल. उगवलं तर तो निसर्ग.

१९ जुलै
निसर्ग उगवला! ज्योत्स्नाला सांगितलं, शोची झाडं आहेत. फोनवर धर्मेंद्रला सांगत होतो, इंडिका मस्त उठली, तर ही मागे उभी. म्हणे, कोनाची जुनी गाडी घेऊन राहिले? मी म्हणालो, पाहून राहिलो. भोळी आहे बिचारी.
रोज दोनदा बादली घेऊन जिना. औषधासाठी माणूस काय काय सोसतो.

२ ऑगस्ट, रविवार
विहारात वंदना. पाचव्या शीलाला माझा आवाज बसला. हवामान. शिवाय पाचवं शील नशाबंदीचं आहे, औषधबंदीचं नाही, असं माझं मत. भंतेजींना विचारणार होतो, पण गर्दी होती. गर्दी म्हणजे दोन जण होते.

२० ऑगस्ट
झाडं माझ्या छातीला लागली. बुटकी जात म्हणे! वऱ्हाडची माती, दुसरं काय. पानं कातरलेली, हुबेहूब फोटोतल्यासारखी.
दोन पानं चावली. आंबट! नेटवर आंबट कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे हा शोध माझा. उरलेली वाटून तिळाच्या तेलात, गुडघ्यावर. जेवायला अंबाडीची भाजी होती.

३१ ऑगस्ट
गुडघा थांबला!! जिना न कण्हता चढलो. झोप गाढ, भूक दुप्पट. ग्रंथ खोटं बोलत नाहीत. सुगतला फोन केला, डॉक्टरला नाही सांग. बरं म्हणे.
आज पुन्हा अंबाडी. बाजारात दुसरं काही येत नाही का? तरी दोन भाकरी खाल्ल्या. औषधाची भूक.

१७ सप्टेंबर
शेंडे कोणीतरी खुडलेत! ज्योत्स्ना म्हणे, पाखरं असतीन. पाखरं इतकं सारखं खुडतात? पाळत ठेवायचा निश्चय. दुपारी डोळा लागला.

२१ सप्टेंबर
घात झाला. शेजारचा बुधाजी, पोलिसात हवालदार, सकाळी आमच्या गच्चीवर. वर्दीत! मी जिन्याच्या दाराआड. पण त्यानं केलं काय? पिशवीभर पानं खुडली, ज्योत्स्नाले थँक्यू वहिनी म्हटलं अन् पिशवी हालवत गेला! त्याच्या मागून समोरच्या तानुबाई, पदरात घेऊन.
पोलीसच गांजा नेते अन् माही बायको पुरवते! माह्या घरात रॅकेट अन् मलेच खबर नाही! जिच्या हातचं जन्मभर खाल्लं, तिनं असं करावं? आज जेवलो नाही. भाजी तेवढी खाल्ली. अंबाडी.

२४ सप्टेंबर
ठरवलं होतं, पती म्हणून नाही, नागरिक म्हणून जायचं. अन् शांत बोलायचं. गेलो बुधाजीकडे. दोन्ही हात पुढे केले. म्हटलं, हवालदार, गांजा माहा हाय, पण नेता तुमी. चला, संगंच आत जाऊ.
बुधाजी जेवून राहिला होता. त्यानं ताटाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् असा हासला का ठसका लागला. त्याच्या बायकोनं पाठ चोळली. बुधाजी म्हणे, भाऊ, हे अंबाडी हाय. तुमच्याच गच्चीवरची. वऱ्हाडात जन्म काढला अन् अंबाडी वळखत नाही?
मी म्हटलं, म्या अंबाडी ताटात पाह्यली, झाडावर कोनं पाह्यली? तोवर अर्धी गल्ली दारात. तानुबाई त खालीच बसल्या हासून हासून.
धर्मेंद्रले फोन लावला. म्हणे, अबे, हिमाचलहून तुह्यासाठी काई आनाचं राहूनच गेलं, म्हून इथंच बियान्याच्या दुकानातून पुडी घेतली. तू खरंच पेरशीन, मले काय मालूम! हाच तो विश्वासाचा माणूस.

२५ सप्टेंबर
ज्योत्स्नाले विचारलं, तुले कवापासून मालूम? म्हणे, कातरं पान फुटलं तवापासून. अन् तुमी गांजा समजता, हे फोनवर त बोंबलत होते. मंग काहून नाही सांगितलं? तिनं भाकर थापनं थांबवलं. म्हणे, रातभर गुडघा धरून कन्हत होते तुमी. पानं चावाले लागले अन् कन्हनं थांबलं. मी काहून सांगू?
म्या म्हटलं, हा दगा हाय.
म्हणे, हो, हाय.

३० सप्टेंबर
तिसऱ्या पायरीवर बसलो. गुडघा दुखून राहिला. तोच जिना, तेच तेल, तेच झाड.
सुगतले फोन केला, तारीख पुन्हा घे. म्हणे, पप्पा, कॅन्सल केलीच नव्हती, मम्मी नाही म्हने. सारेच सामील. मले ऑपरेशनचं भेव वाटते, हे कोनाले सांगू? इथं लिहून टाकलं.
वरती फूल आलं म्हणे. पिवळं, मधोमध लाल. मी काई पाहाले गेलो नाही. ज्योत्स्नानं चहाच्या कपाजवळ दोन पानं आनून ठेवली.
चावली. नुसतीच आंबट.