पाण्याशी भांडू नको

२३ जुलै १९४७, डोंगरकडा

रामदास बोट बुडाली! मागच्या गुरुवारी, मुंबईहून रेवसला जाताना. कळमनुरीच्या बाजारात शिळं वर्तमानपत्र हाती लागलं. धाकटा भाऊ ग्यानबा त्याच बोटीवर — सोबत तांड्यावरचा वसराम. दोघं एकाच गिरणीत. अवसेला रेवसच्या सोबत्याकडे जाणार, असा निरोप आधीच आला होता.

आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला पोहायला तूच शिकवलंस ना?"

व्हय, मीच. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलला होता. हातपाय झाडून बोंबलायला लागला, तसा काठावरून ओरडलो — गाढवा, पाण्याशी भांडू नको! पाणी काय तुझा भाऊबंद आहे? पोरं खो खो हसली. पुढे पाण्यात त्याच पोरांच्या तो कधी हाती लागला नाही.

२ ऑगस्ट

गावात समुद्राचे जाणकार फार झाले. पोहणाऱ्याला समुद्र म्हणजे मोठी विहीर, असं उकंडराव पारावर सांगतात. त्यांनी कयाधू नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. एरवी त्यांना सोलून काढलं असतं. आज मान डोलावली.

८ ऑगस्ट

भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून दहन उरका. शालू — ग्यानबाची बायको — चुलीपासूनच बोलली, "पोहणाऱ्याच्या नावानं गवत कोण जाळतं?" हल्ली कुंकू जरा मोठंच लावते. भटजींना चहा पाजून वाटेला लावलं.

१५ ऑगस्ट

तिकडे स्वातंत्र्य. इकडे निजाम जागच्या जागी. आईनं विचारलं, आज तरी कोणी आलं का?

२९ ऑगस्ट

वसराम आला — जिवंत! इतके दिवस दवाखान्यात, तापात. नुसता सांगाडा. आई त्याला पदरानं पुसून राहिली, जसा काही आत्ताच पाण्यातून काढलाय. शालू दाराआड. तो मान खाली घालून म्हणाला, "ग्यानबा पोहून राहिला होता, माय. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

बस्स! आई घरोघर गूळ वाटत सुटली. शालूनं पुरण घातलं. मी दोनदा वाढून घेतलं.

३० ऑगस्ट

वसरामला तांड्याच्या वाटेला सोडायला गेलो. विहीर आली तसा तो लांबून वळसा घालून गेला. तेव्हा कुठे लक्षात आलं — हा जन्मात विहिरीत उतरला नाही.

विचारलं, "तुला तर पोहता येत न्हाई. तू कसा आलास?"

तो खाली बसला.

"त्यानं माझ्या हनवटीखाली हात धरला, दादा. मी त्यालाच ओरबाडून राहिलो. म्हणला, गाढवा, पाण्याशी भांडू नको. पाणी काय तुझा भाऊबंद हाय? म्या अंग सोडून देलं. कोळ्यांनी होडीत वढलं, तवा खाली हात नव्हता."

३१ ऑगस्ट

माझा टोमणा तेवढा पोहून गावी आला.

शालू न्हायला गेली आहे. तिला सांगायचं आहे — तिनं कुंकू लावायच्या आत.