अरुशाला न्यायचा हजेरीपट

१६ एप्रिल १९८६, बुधवार

आलं! पत्र आलं! पाकिटावर टांझानियाचं तिकीट, अरुशाचा शिक्का. जुलैपासून तीन महिने ‘अतिथी प्राध्यापक’. विषय — उद्योजकता. वर्गात तीस जण, सगळे खेड्यापाड्यांतून उद्योग उभे करून देणारे अधिकारी.

उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. मी उद्योजकता शिकवणार! तीही परक्या देशात! अठरा वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवतेय, पहिल्या तारखेला पगार घेतेय, आणि जन्मात एक लिंबूसुद्धा विकलेलं नाही. परसातले नारळही आमचे हेच विकतात. मी भाव करायला गेले की गिऱ्हाईक मलाच गुंडाळून जातं.

हे एस.टी. डेपोतून कामावरून आले. पत्र वाचून म्हणाले, “म्हणजे तीन महिने आमटी मी करायची!” नंतर मात्र दोनदा विचारलं, तिकडे थंडी असते का.

तिथल्या प्रमुख किमारोबाई लिहितात — पापडवाल्या बायकांवरचा तुमचा लेख आम्ही सगळ्यांनी वाचला, तो प्रयोगच आम्हाला शिकवा. म्हणजे बोलावणं मला नाही. त्या लेखाला आहे.

१९ एप्रिल, शनिवार

आज तो लेख पुन्हा काढला. चांगला लिहिलाय! स्वतःच्या लिखाणाचं कौतुक करू नये, पण वहीपाशी काय लपवायचं?

संगमेश्वरकडची काशी. १९८३ साली गावच्या बायकांसाठीच्या माझ्या शनिवारच्या वर्गाला यायची. सगळ्यांत मागे बसायची आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. तिच्या वाडीतल्या चौदा बायका चैत्रात फणसाचे पापड करायच्या, ते वारंगुळ्यानं. आज सगळ्याजणी हिच्या अंगणात, उद्या तिच्या. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही, किती वेळ बसली ते बघायचं नाही. भाताची लावणीही तशीच. मी म्हटलं, काशी, अशानं धंदा होत नाही. तुझ्या अंगणात एकच मांडव घाल. दहा ते पाच काम. हजेरीपट ठेव. उशीर झाला की अर्धा दिवस. जिचे जितके तास, तितकी तिची मजुरी.

चौऱ्याऐंशीच्या हंगामात दुप्पट पापड निघाले. त्यांच्या नवऱ्यांनी मुंबईत नेऊन विकले. लेख तिथेच संपतो. शेवटी काशीच्या हातच्या हजेरीपटाचा फोटो. बारा व्याख्यानांपैकी चार मी याच्यावरच बेतलीत.

२१ एप्रिल

आरशासमोर इंग्रजीत पहिलं व्याख्यान दिलं. चौथ्या मिनिटाला कागद चाळायला लागले! मागून हे म्हणतात, “मागच्या बाकावर ऐकू येत नाही, बाई.” चिडले. मग हसले. मग पुन्हा भीती वाटली.

२४ एप्रिल, गुरुवार

काशीला पत्र टाकून आठवडा झाला. या वर्षीचे फोटो हवेत, मांडवाचे, बायकांचे. उत्तर नाही. तिचं उत्तर नेहमी चौथ्या दिवशी येतं.

म्हणजे ‘नेहमी’ कधी? शेवटचं पत्र कधी आलं होतं? आठवेना. मी शेवटची वाडीवर गेले ती लेखासाठी फोटो काढायला. दोन वर्षं झाली. पंच्याऐंशीत पेपर तपासणीला बसले, मग धाकट्या बहिणीचं बाळंतपण. जाऊ म्हणत राहिले.

२६ एप्रिल, शनिवार

एस.टी. स्टँडवर हौसा भेटली, काशीच्या शेजारची. त्या चौदांतलीच. बहिणीला भेटायला आली होती. मला बघून पदर नीट केला आणि गाडीच्या पाटीकडे बघत राहिली.

म्हटलं, “काय गं, या वर्षी पापड किती झाले?”

“घरापुरतं क्येलं.”

“आणि मांडवात?”

“ता तुमी काशीला इचारा, बाय.” आणि गाडी लागायच्या आधीच फलाटावर जाऊन उभी राहिली.

उद्या जायलाच हवं.

२७ एप्रिल, रविवार

सगळं लिहून काढते. नाहीतर मी मलाच काहीतरी गोड सांगेन.

संगमेश्वरला उतरून पुढे फाट्यापासून चालत गेले. पालापाचोळ्याचा राब भाजून शेतं काळी पडलेली. वाडीत तीन-चार अंगणांत पापड वाळत होते, प्रत्येक चटईपाशी एकेकटी बाई. पूर्वी ह्या दिवसांत लांबूनच हसणं ऐकू यायचं. काशीच्या मांडवात पेंढा रचलेला, पुढे शेळी बांधलेली.

काशी वाळली आहे. मला बघून रागावली नाही, हेच जास्त लागलं. पाटावर बसवलं, गुळाचा चहा दिला. मग आतून हजेरीपटाची वही आणली. पुठ्ठ्यावर हळदकुंकू! दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर तिचीही पूजा केली होती.

“पयल्या सालाला समद्या आल्या,” म्हणाली. “तुमच्या शब्दाला मान. दुसऱ्या सालाला जनीची सासू आजारी पडली. जनी दुपारच्याला आली. मी अर्धा दिस मांडला. तुमीच शिकिवलं व्हतं ना, आपलं-परकं बगायचं न्हाय?”

हो. मीच. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

“मंग माज्या लावनीला जनी आली तीच दुपारची. म्हनली, तू माजा अर्धा मांडलास, मी बी अर्धाच द्येनार. मंग समद्याच मोजाय लागल्या. कोन कुनाकडं किती दिस ग्येली, कोनाच्या पोरीच्या लग्नाला कोन किती येळ राबली. बाय, हजेरी पापडापाशी थांबली न्हाय. शेतात ग्येली, लग्नात ग्येली, बाळंतिनीच्या खोलीत ग्येली!”

गेल्या आषाढात काशीची लावणी तिनं आणि तिच्या लेकीनं दोघींनीच केली. वीस दिवस. लेकीच्या पायांना चिखल्या झाल्या. चौदा जणींतली एकही बांधावर फिरकली नाही, कारण वही काशीच्या हातची. माझा लेख ज्या हाताचं कौतुक करतो, तोच हात वाडीनं टाकलाय.

मी म्हटलं, “काशी, मला कळवायचंस तरी.”

“दोन पत्रं टाकली ना कालेजात.” मग माझा कप उचलत म्हणाली, “तुमी वायट चिंतलं न्हाय, बाय. पन तुमी परत आलाव न्हाय.”

निघताना पापड बांधून दिले. नको म्हणायची हिंमत झाली नाही. येताना एस.टी.त रडले. शेजारच्या बाईनं खिडकीची जागा दिली.

२८ एप्रिल, सोमवार

कॉलेजच्या टपालाच्या कपाटात दोन्ही कार्डं सापडली. उद्योगाच्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात. पहिल्यात विचारलंय — ‘बाई, आजारपणाची हजेरी कशी मांडावी? जनी रागावली आहे.’

एका ओळीचं उत्तर पुरलं असतं.

३० एप्रिल

ह्यांना सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, “मग ती चार व्याख्यानं बदल.”

बदल! एस.टी.चं वेळापत्रक आहे का? त्यांनी बोलावलंय ते ह्याच चारांसाठी. खरं सांगितलं तर बोलावणं जाईल. नाही सांगितलं तर तीस अधिकारी माझा हजेरीपट घेऊन तीस वाड्यांत जातील.

पण मनात लगेच दुसरं कोणीतरी बोललं — तिकडची माणसं वेगळी, तिकडे चालेलही. हे दुसरं कोणीतरी फार हुशार आहे. त्याला विमानात बसायचंय.

३ मे, शनिवार

आज सत्कार! शाल, श्रीफळ, गुच्छ. प्राचार्य म्हणाले, “रत्नागिरीच्या फणसाचा पापड आता आफ्रिकेत!” टाळ्या. मला चार शब्द बोलायला उभं केलं. ठरवून गेले होते, सांगून टाकायचं. माईकपाशी गेले आणि आभार मानून खाली बसले. वर पेढाही खाल्ला!

लाज वाटते. माझ्यापेक्षा हौसा बरी, निदान पाटीकडे तरी बघत होती.

५ मे, सोमवार

टाकलं. किमारोबाईंना आंतरराष्ट्रीय पत्र. चार मसुदे फाडले, पाचवा पाठवला. सगळं लिहिलं: वारंगुळा, जनीचा अर्धा दिवस, काशीची लावणी, कपाटातली कार्डं. शेवटी — ‘लेखातला प्रयोग फसला आहे. तो मी फसवला. त्याखेरीज माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नाही. बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’

पेटीत टाकताना हात आत तसाच राहिला. मागचे गृहस्थ म्हणाले, “ताई, सोडा आता.”

६ मे

पश्चात्ताप. कोणी विचारलं होतं का मला?

११ मे, रविवार

काशीकडे पुन्हा गेले. या वेळी वही-पेन न घेता. जनीच्या दारात दोघी गेलो. जनीनं मला बसायला सांगितलं, काशीला नाही. मी माफी मागितली. जनी तांदूळ पाखडत राहिली. अखेर म्हणाली, “चूक तुमची आसंल, पन मांडलं तिनं.” काशी खाली बघत उभी. असं एका रविवारात जुळत नसतं. पुढच्या रविवारी पुन्हा.

२१ मे, बुधवार

उत्तर नाही. पोस्टमन लांबून हात हलवतो आता — नाही म्हणून. प्राचार्य विचारतात, व्हिसा आला का. हे गुपचूप स्वेटर घेऊन आलेत. मापाला मोठा आहे.

४ जून, बुधवार

अरुशाचं पत्र आलं. वर तारीख ८ मे. माझं पत्र त्यांना मिळायच्या आधीचं. वाटेत चुकामूक झाली.

किमारोबाई लिहितात — ‘तुमच्या येण्याची वाट न पाहता आम्ही फेब्रुवारीतच बावीस गावांत हजेरीपट सुरू केले. पहिला महिना फार छान गेला. आता एक अडचण आहे. बायका कामाला येईनाशा झाल्यात, आणि का कोण जाणे, मक्याच्या खुरपणीलाही एकमेकींच्या शेतात जात नाहीत. तुम्ही आल्यावर कारण सांगालच.’

चप्पल घातली आणि तशीच पोस्टात गेले. तार केली — ‘हजेरीपट आजच बंद करा. मी निघते.’

कारकुनानं विचारलं, “घरचं कोणी आजारी आहे का?”

हो म्हटलं.