शंकरभाऊंनी मला इंजिन ऐकवलं

मंगळवार संध्याकाळ, मनीषनगर

आठवडाभर व्हॅनची घरघर छळत होती. इंजिन उतरवावं लागलं तर व्हॅन विकावीच लागेल, या धास्तीनेच आज गॅरेजात नेली. आमचे जुने मिस्त्री शंकरभाऊ, त्यांनी लांब पेचकस इंजिनाला टेकवला आणि त्याची मूठ माझ्याच कानाला लावली. "ऐका ताई. कसा आवाज येऊन राहिला?"

जात्यात ज्वारी भरडावी तसा, म्हटलं. पेचकस इंजिनावरून पुढे, पट्ट्याच्या कप्पीवर सरकला. इथे तर घरघर कितीतरी मोठी! तेही सांगितलं.

"बेअरिंग गेलं. इंजिनाले काही नाही झालं."

तेच निघालं. बेअरिंग बदललं, घरघर थांबली.

पण स्वतः का नाही ऐकलं त्यांनी? निघताना मागून दोनदा हाक मारली, वळलेच नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले, मग ओशाळून हसले.

"गिऱ्हाइकाईले सांगू नका, ताई."