गाठ आणि बिनसाखरेचा चहा

मंगळवार, संध्याकाळ

सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. थायरॉइडची गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक गाठी अशाच असतात. वर्षाने सोनोग्राफी करू. पण गाठ वाढली, आवाज बसला किंवा गिळताना अडलं, तर वाट बघायची नाही." इतकंच होतं, तर मी रोज आरशासमोर आवंढे गिळत का उभी राहायचे? गाठ वरखाली होताना दिसायची आणि मी मनातल्या मनात घराची निरवानिरव करायचे.

येताना मंडईत भाजी घेतली. पिशवी ह्यांनी धरली. गाठ कळल्यापासून ह्यांनी चहातली साखर सोडली होती. विचारलं तर म्हणाले, "वय झालं." मला पटलंही. नवस म्हणजे देवाशी घासाघीस, असं जन्मभर म्हणत आलेला माणूस.

घरी आल्यावर सवयीने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. एक घोट घेऊन म्हणाले, "साखर संपली का घरातली?"

मी डबाच पुढे सरकवला. कुठल्या देवाला, ते विचारलं नाही.